तेरा लाखांचे शैक्षणिक कर्ज आणि लोक अभिरक्षक होण्याची इच्छा

वेण्णाकाठ

नमस्कार. मी साताऱ्याचा. अनुदानित माध्यमिक शाळेत 31 वर्षे गणित शिकवून तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. या संकेतस्थळावर आजवर फक्त वाचत आलो, आज प्रथमच धागा काढतो आहे.

माझी मुलगी एका राष्ट्रीय विधी विद्यापीठात पाचव्या वर्षाला आहे. शुल्क, वसतिगृह आणि खानावळ मिळून दरवर्षी सुमारे 2 लाख 60 हजार रुपये, असे पाच वर्षांत 13 लाखांचे कर्ज झाले. दर साडेनऊ टक्के आहे. रक्कम साडेसात लाखांच्या वर गेल्यामुळे बँकेने तारण मागितले, आणि आमच्याकडे तारण देण्यासारखे एकच होते, ते म्हणजे राहते घर. त्याचे मूळ खरेदीखत आज बँकेच्या तिजोरीत आहे. हप्ते शिक्षण संपल्यानंतर एका वर्षाने सुरू होतील.

मुंबईतील एका मोठ्या लॉ फर्मने तिला वार्षिक 16 लाखांचा प्रस्ताव दिला आहे. आम्ही पेढे आणले, शेजारी वाटले, आणि त्याच रात्री जेवताना तिने सांगितले की तिला तो स्वीकारायचा नाही. तिसऱ्या वर्षी तिने उन्हाळ्यात एका कारागृहातील विधी साहाय्य केंद्रात दीड महिना काम केले होते. तेव्हापासून तिला कच्च्या कैद्यांचे, म्हणजे निकाल लागण्याआधीच कोठडीत असणाऱ्यांचे, खटले चालवायचे आहेत. एक तर जिल्हा पातळीवर सहायक लोक अभिरक्षक (विधी सेवा प्राधिकरणाने आरोपींच्या मोफत बचावासाठी नेमलेला वकील) म्हणून, नाही तर या विषयावर काम करणाऱ्या एखाद्या संस्थेत. दोन्हीकडे सुरुवातीला महिना तीस-पस्तीस हजारांच्या पुढे काही मिळेल असे वाटत नाही.

तिच्या इच्छेचा मला अभिमान आहे, हे आधी नोंदवतो. पण ज्या घरात ऐंशी वर्षांची माझी आई झोपते त्या घराचे कागद बँकेत असताना मुलीने लाखाची नोकरी नाकारावी, हे मनाला पटत नाही. माझा प्रश्न असा आहे की एवढे कर्ज डोक्यावर असताना असे काम खरोखर करता येते का, आणि बाप म्हणून मी तिला 'आधी कर्ज फेड' असे सांगितले तर तो अन्याय होईल का? विधी क्षेत्रातील सदस्यांनी कृपया मोकळेपणाने लिहावे.

हिशेबनीस

भावनेचा भाग इतर सदस्य पाहतील, मी फक्त आकडे मांडतो, कारण अशा चर्चांमध्ये 'तेरा लाख' हा शब्द सगळे वापरतात आणि फेडायची रक्कम तेरा लाख कधीच नसते.

शिक्षणाच्या काळात आणि त्यानंतरच्या सवलतीच्या वर्षात व्याज थांबत नाही, ते सरळ व्याजाने साचत राहते आणि हप्ते सुरू होताना मुद्दलात मिसळते. पहिल्या वर्षीच्या 2.60 लाखांवर सहा वर्षांचे, दुसऱ्या वर्षीच्या रकमेवर पाच वर्षांचे, असे करत गेल्यास साडेनऊ टक्क्यांनी सुमारे 4 लाख 94 हजार रुपये होतात. म्हणजे पहिल्या हप्त्याच्या दिवशी कर्ज जवळजवळ 18 लाखांचे असेल. ते दहा वर्षांत फेडायचे तर हप्ता सुमारे 23,200, पंधरा वर्षांत फेडायचे तर सुमारे 18,700. पंधरा वर्षांच्या बाबतीत एकूण परतफेड 33 लाखांच्या वर जाते.

आता उपयोगाचा भाग. आपण या महिन्यापासून फक्त चालू व्याज, म्हणजे महिना सुमारे 10,300 रुपये, भरू लागलात तर पुढची वाढ थांबते आणि पंधरा वर्षांचा हप्ता 16,700 च्या आसपास येतो. आजवर साचलेले तीन लाखही कुठून भरता आले तर तो 13,600 होतो. अनेक बँका शिक्षणकाळात व्याज भरणाऱ्यास दरात एक टक्का सवलत देतात आणि मुलींना अर्धा टक्का वेगळी देतात, ती आपल्याला लागू आहे का हे मंजुरीपत्रात पाहावे.

पस्तीस हजारांतून 18,700 देणे आणि 13,600 देणे यांत एका खोलीच्या भाड्याएवढे अंतर आहे. गणिताचे शिक्षक असूनही आपण हे मांडले नाही, याचे थोडे आश्चर्य वाटले.

कोर्ट नंबर सात

मी गेली बावीस वर्षे एका जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करतो. पस्तीस हजार हा आकडा वाचून हसू आले, कारण आमच्याकडे नव्याने सनद घेतलेल्या मुलांना सीनिअरकडून मिळणारी रक्कम पाहिली तर आपली मुलगी श्रीमंत ठरेल. भारतीय वकील परिषदेने ऑक्टोबर 2024 मध्ये परिपत्रक काढून शहरी भागात ज्युनिअरला किमान 20 हजार आणि ग्रामीण भागात 15 हजार रुपये विद्यावेतन द्यावे अशी शिफारस केली. ती शिफारसच आहे. आमच्या बार रूममध्ये ते परिपत्रक वाचून दाखवले गेले तेव्हा सगळ्यांत मोठ्याने हसणारे सीनिअर पाच हजार देणारे होते.

तेव्हा तुलना करायची तर ती फर्मच्या सोळा लाखांशी करून चालणार नाही. लोक अभिरक्षकाचे मानधन महिन्याच्या महिन्याला मिळते, आणि नवख्या वकिलाला पहिल्याच वर्षी खऱ्या साक्षीदाराची उलटतपासणी घ्यायला मिळते. माझ्या काळी ती संधी मिळायला मला सहा वर्षे लागली, तोवर सीनिअरच्या पिशव्या उचलल्या.

एक सावधगिरी मात्र सांगतो. ही नेमणूक कंत्राटी असते आणि त्या काळात खासगी वकीलपत्र घेता येत नाही. म्हणजे हप्ता कमी पडला तर बाजूला एखादे प्रकरण घेऊन भागवू, हा मार्ग बंद आहे.

पाचवा मजला

मी मुंबईत एका फर्ममध्ये आठ वर्षे आहे आणि मीही कर्ज काढूनच शिकलो. माझे मत स्पष्ट आहे. तिने तीन वर्षे फर्ममध्ये काढावीत. हिशेबनीस यांच्या 18 लाखांचे तीन वर्षांत हप्ते केले तर महिना 57,500 होतात, हातात लाखभर येत असताना पेइंग गेस्ट राहून हे सहज जमते. सत्ताविसाव्या वर्षी ती कर्जमुक्त असेल आणि पुढची पस्तीस वर्षे कोणाचीही वकिली करायला मोकळी असेल. कैदी तीन वर्षांनीही असणारच आहेत, दुर्दैवाने.

गरिबांची सेवा करण्यासाठी स्वतःच्या आजीचे घर पणाला लावणे मला नैतिकदृष्ट्याही उच्च वाटत नाही.

खटला चालू आहे

मुलगी, वडील, आजी आणि बँक यांपैकी बाजू फक्त वडिलांनी मांडलेली दिसते. प्रतिवादीला नोटीस बजावली आहे का?

गोदाकाठ

मी सध्या सहायक लोक अभिरक्षक म्हणून काम करते, त्यामुळे धागा वाचून राहवले नाही. ज्यांना ही व्यवस्था माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 चा. त्याच्या कलम 12 प्रमाणे स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. पूर्वी हे काम पॅनेलवरचे वकील आपली खासगी वकिली सांभाळून करत. 2022 मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने पूर्ण वेळ बचाव वकिलांची योजना आणली, महाराष्ट्रात त्यांना लोक अभिरक्षक म्हणतात. मुख्य पदाला दहा वर्षांचा आणि उपमुख्य पदाला सात वर्षांचा अनुभव लागतो, सहायक पदाला दीर्घ अनुभवाची अट नाही.

आता काम कसे असते ते सांगते. आठवड्यातून एकदा आम्ही कारागृहात जातो. फाटकावर मोबाइल जमा होतो, आत एक लाकडी टेबल, दोन खुर्च्या आणि एक नोंदवही असते. मागच्या पावसाळ्यात तिथे सव्वीस वर्षांचा एक मुलगा समोर येऊन बसला. मोबाइल चोरीचा गुन्हा. मी नेहमीप्रमाणे जामीन अर्जाचे कागद काढले, तर तो म्हणाला, "ताई, जामीन तर झालाय." खरोखरच झाला होता, चार महिन्यांपूर्वी, पंधरा हजारांच्या जातमुचलक्यावर (आरोपीने स्वतः लिहून दिलेल्या हमीवर) आणि तेवढ्याच रकमेच्या एका जामीनदारावर. त्याच्या ओळखीत स्वतःच्या नावावर सातबारा किंवा घरपट्टीची पावती असलेला एकही माणूस नव्हता. खासगी वकिलाचे पैसे जामिनाच्या आदेशापर्यंतच पुरले होते. आदेशाची प्रत त्याने चार घड्या घालून खिशात ठेवली होती, घडीवरची अक्षरे पुसत आली होती. अट शिथिल करण्याचा अर्ज मी दोन पानांत लिहिला, न्यायालयाने जामीनदाराशिवाय केवळ जातमुचलक्यावर सोडण्याचा आदेश केला आणि अकराव्या दिवशी तो बाहेर आला. खरे तर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्येच सांगितले आहे की जामीन मिळूनही सात दिवसांत कैदी सुटला नाही तर कारागृह अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावे. कळवले जाते तिथे काम होते.

'पाचवा मजला' यांचे "कैदी तीन वर्षांनीही असणारच" हे वाक्य खरे आहे. 2022 च्या अखेरीस देशातील तुरुंगांत 5,73,220 कैदी होते आणि त्यांपैकी 4,34,302 कच्चे कैदी होते. पण तीन वर्षांनी ही मुलगी कोण असेल? तीन वर्षे कंपन्यांच्या भागधारकांचे करारनामे तपासल्यावर तिला दोषारोपपत्र वाचता येणार नाही. तिला पुन्हा शून्यापासून शिकावे लागेल, तेही ज्या वर्गमित्रांनी तेवढ्यात शंभर साक्षीदार तपासले त्यांच्यासमोर उभे राहून. कर्ज फेडायची किंमत रुपयांत मोजली तर पूर्ण मोजली जात नाही.

माझ्या डोक्यावरही कर्ज होते, पण सव्वादोन लाखांचे. मी पुण्यात तीन वर्षांचा अभ्यासक्रम अनुदानित महाविद्यालयात केला. हे प्रामाणिकपणे सांगितलेच पाहिजे, कारण तेरा लाख असते तर मी इथे असते का, याचे उत्तर मला देता येत नाही.

तळटीप

गोदाकाठ यांच्या शेवटच्या परिच्छेदात धाग्याचा खरा विषय दडलेला आहे. मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय 1855 पासून आहे, पुण्याचे आय.एल.एस. 1924 पासून. तिथून शिकलेल्यांनी न्यायालये भरली आणि त्यांचे घर कोणाकडे गहाण पडले नाही. राष्ट्रीय विधी विद्यापीठांची कल्पना निघाली तेव्हा वकिली व्यवसायाचा आणि न्यायदानाचा दर्जा वाढावा हा हेतू सांगितला गेला होता. आज पाच वर्षांच्या शुल्कामुळे तिथला विद्यार्थी पहिल्याच वर्षी मनाने फर्मला बांधला जातो, त्याच्या आवडीचा प्रश्न तिथेच संपतो.

सरकारी सवलतींचीही गंमत पाहा. आयकर कायद्याप्रमाणे शैक्षणिक कर्जाचे व्याज आठ वर्षांपर्यंत उत्पन्नातून वजा करता येते, परंतु फक्त जुन्या करप्रणालीत. महिना पस्तीस हजार मिळवणाऱ्याला करच बसत नाही, मग तो वजावट कशातून घेणार? म्हणजे ही सवलत जास्त मिळवणाऱ्यालाच जास्त उपयोगी पडते. 2024 च्या नोव्हेंबरात मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांसाठी विनातारण कर्ज आहे आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याज सवलत आहे. पण ती सवलत शिक्षणकाळ आणि त्यापुढच्या सवलतीच्या मुदतीपुरतीच मिळते. विद्यार्थी पुढे काय काम करतो याच्याशी यांपैकी एकाही योजनेचा संबंध नाही.

न्यूजर्सीकर

तळटीप यांच्या शेवटच्या वाक्याला धरून अमेरिकेतील अनुभव सांगतो, कारण इथे असा संबंध जोडलेला आहे आणि तो दिसतो तितका सरळ नाही.

इथे कायद्याचे शिक्षण पदवीनंतर तीन वर्षांचे असते आणि लाखभर डॉलरच्या वर कर्ज असणे अगदी सामान्य आहे. 2007 च्या कायद्याने अशी सोय केली की सरकारी किंवा पात्र ना-नफा संस्थेत पूर्ण वेळ काम करत 120 मासिक हप्ते भरले की उरलेले केंद्रीय कर्ज माफ होते. हप्ता उत्पन्नाच्या प्रमाणात ठरवून घेता येतो. माझी पुतणी पब्लिक डिफेंडर आहे, म्हणजे आपल्या लोक अभिरक्षकाची अमेरिकी बहीण. याच सोयीच्या भरवशावर तिने ते काम धरले. काही विद्यापीठे स्वतःच्या निधीतूनही अशा पदवीधरांचे हप्ते भरतात.

दुसरी बाजू अशी की 2017 मध्ये पहिले अर्ज आले तेव्हा जवळजवळ सगळे फेटाळले गेले. कोणाचे कर्ज चुकीच्या प्रकारचे निघाले, कोणाची परतफेड योजना पात्र नव्हती, कोणाला दहा वर्षांत कोणी नीट सांगितलेच नव्हते. पुढे 2021 पासून नियम सैल केले गेले आणि ऑक्टोबर 2024 पर्यंत दहा लाखांहून अधिक लोकांचे कर्ज माफ झाले. पण 2025 च्या जुलैतील कायद्याने 1 जुलै 2026 पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या केंद्रीय कर्जाला वर्षाला 50 हजार आणि एकूण दोन लाख डॉलरची मर्यादा घातली. वरची रक्कम खासगी सावकाराकडून घ्यावी लागेल आणि तिला ही माफी लागू नाही. पुतणीची गेली सहा वर्षे एकच धास्ती आहे की दहा वर्षांच्या मध्येच सरकार नियम बदलेल.

भारतातून इथे विद्यार्थी व्हिसावर येणाऱ्यांना केंद्रीय कर्जच मिळत नाही, त्यामुळे त्यांच्यासाठी ही सारी चर्चा गैरलागू आहे. हे मुद्दाम लिहितो, कारण दरवर्षी कोणीतरी मला 'तिकडे कर्ज माफ होते ना' असे विचारते.

खटला चालू आहे

म्हणजे अमेरिकेत 120 हप्ते आणि आपल्याकडे 180 हप्ते. तारखांच्या बाबतीत आपण तिथेही पुढेच.

शेवंती

मी उलट दिशेने गेले आहे, म्हणून लिहिते. पदवी मिळाली तेव्हा माझ्यावर नऊ लाखांचे कर्ज होते. फर्म नाकारून मी एका संस्थेत गेले, कौटुंबिक हिंसाचाराची प्रकरणे पाहू लागले, मानधन 28 हजार. पहिली दोन वर्षे ओढाताणीत पण समाधानात गेली. तिसऱ्या वर्षी संस्थेला मिळणारे अनुदान थांबले, मानधन दोन-दोन महिने उशिरा येऊ लागले आणि मी तीन हप्ते चुकवले. बँकेचा फोन मला येण्याआधी सहकर्जदार म्हणून माझ्या वडिलांना गेला. ते मला काही बोलले नाहीत. त्यांनी आपली मुदत ठेव मोडली आणि ते मला आठ महिन्यांनी आईकडून कळले.

त्यानंतर मी एका कंपनीच्या विधी विभागात नोकरी धरली. पूर्ण वेळ पगारी नोकरी म्हणून सनद स्थगित ठेवावी लागली आणि आज पाच वर्षे झाली तरी न्यायालयात परत गेलेले नाही. तेव्हा 'पाचवा मजला' यांना चूक म्हणणे मला जमत नाही. परंतु माझी चूक ते काम निवडण्यात झाली असेही मला वाटत नाही. ती हप्ता चुकला तर काय, याचा विचार न करता उडी घेण्यात होती. सहा हप्त्यांएवढी रक्कम वेगळी बाजूला असती, तर ते महिने निभावले असते आणि मी कदाचित अजून तिथेच असते.

वेण्णाकाठ, आपल्या मुलीने संस्था निवडल्यास तिच्या निधीचा स्रोत आणि मुदत तिने मुलाखतीतच विचारावी. विचारायला संकोच वाटतो, पण विचारावे.

पाचवा मजला

शेवंती यांचा प्रतिसाद वाचून माझी भाषा थोडी उद्धट झाली असे वाटले, त्याबद्दल गोदाकाठ यांची क्षमा मागतो. मुद्दा मात्र सोडत नाही. फर्ममध्येही वादविवाद विभाग, म्हणजे न्यायालयातील खटले पाहणारा विभाग, असतो, तिने कंपनी व्यवहारांऐवजी तो मागून घ्यावा. तिथे फौजदारी प्रकरणेही येतात.

आणि एक गोष्ट स्वतःबद्दल. मीही तीनच वर्षांसाठी आलो होतो. कर्ज चौतिसाव्या महिन्यात फिटले, बँकेचे पत्र अजून फाइलमध्ये आहे. पस्तिसाव्या महिन्यात मी ठाण्याला घर घेतले. यातून कोणी काय निष्कर्ष काढायचा तो काढावा.

कोर्ट नंबर सात

वादविवाद विभागात येणारी फौजदारी प्रकरणे धनादेश न वटल्याची किंवा संचालकांच्या अटकपूर्व जामिनाची असतात. मोबाइल चोराचे दोषारोपपत्र तिथे पोहोचत नाही. पण लेखी मसुदा शिस्तीने करायला फर्मसारखे ठिकाण नाही, हेही मान्य करतो. आमच्या बारमध्ये एकच मुलगा फर्ममधून परत आला आहे आणि त्याचे अर्ज वाचताना न्यायाधीश मान वर करून बघतात.

रानवाटा

थोडे विषयांतर वाटेल, पण ते विषयाचेच आहे. कर्ज आणि करार अंगावर घेऊन लोकांसाठी वकिली करणाऱ्यांत आपल्याकडील सर्वांत मोठे नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. 1913 मध्ये बडोदा संस्थानाची महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन ते कोलंबियाला गेले, ती परतल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करण्याच्या करारावर. 1917 मध्ये करार पाळायला बडोद्याला गेले, तर राहायला जागा मिळेना, मुक्कामाच्या ठिकाणाहून अपमान करून बाहेर काढले गेले आणि नोकरी सोडावी लागली. अपुरे शिक्षण पूर्ण करायला 1920 मध्ये ते लंडनला गेले, ते सिडनहॅम महाविद्यालयातील प्राध्यापकीतून साठवलेले पैसे, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राने दिलेले उसने पैसे यांच्या बळावर. 1923 मध्ये मुंबईत वकिली सुरू केली, आणि ती पुरेशी चालत नव्हती म्हणून 1925 पासून जवळजवळ तीन वर्षे बाटलीबॉय यांच्या लेखाशास्त्र संस्थेत व्यापारी कायदा शिकवला.

मला यात रस आहे तो शेवटच्या तपशिलात. त्यांनी वकिली सोडून व्यापाऱ्यांची नोकरी धरली नाही आणि उपाशीपोटी वकिलीही केली नाही. अर्धवेळ शिकवणीने घर चालवले. आपल्या मुलीला लोक अभिरक्षक असताना खासगी वकीलपत्र घेता येणार नाही, पण शिकवण्याबाबत काय नियम आहे हे गोदाकाठ सांगू शकतील का? क्लॅट या विधी प्रवेश परीक्षेच्या शिकवण्यांना आज केवढी मागणी आहे हे वेगळे सांगायला नको.

गोदाकाठ

नेमणुकीच्या पत्रातील अटींवर अवलंबून आहे, त्यामुळे इथे ठाम उत्तर देत नाही. सचिवांना लेखी विचारून, लेखी उत्तर घेऊनच करावे. वकिलाला तोंडी परवानगी चालत नाही हे आम्हीच लोकांना सांगत असतो.

नवसदस्य 77

तिने न्यायाधीश व्हावे. कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाचे सुरुवातीचे मूळ वेतन 77,840 आहे. कर्जही फिटेल आणि न्यायसेवाही घडेल.

कोर्ट नंबर सात

त्यासाठी आता तीन वर्षांची प्रत्यक्ष वकिली लागते, सर्वोच्च न्यायालयाने 20 मे 2025 रोजी ती अट पुन्हा आणली. म्हणजे हप्त्यांची पहिली दोन-अडीच वर्षे तरी पुन्हा त्याच प्रश्नावर येतो. मात्र ती तीन वर्षे फौजदारी न्यायालयात गेलेली असतील तर परीक्षेला उपयोगच होईल, एवढे खरे.

हिशेबनीस

मूळ प्रश्नाकडे परत येतो. वेण्णाकाठ यांनी पहिल्या लेखात एक गोष्ट लिहिलेली नाही आणि ती मला पहिल्या दिवसापासून खटकते आहे. अनुदानित शाळेत 31 वर्षे नोकरी करून तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या शिक्षकाची नेमणूक नोव्हेंबर 2005 च्या पुष्कळ आधीची असणार, म्हणजे त्यांना जुन्या पद्धतीचे निवृत्तिवेतन मिळत असणार. तसे असेल तर घर जाण्याची भीती आकड्यांतून येत नाही. ती कुठून येते, हे त्यांनीच शोधावे.

वेण्णाकाठ

बारा दिवसांनी लिहितो आहे. सर्वांचे आभार, आणि हिशेबनीस यांचे विशेष, जरी त्यांचा शेवटचा प्रतिसाद वाचून मी दोन दिवस धागा उघडला नव्हता.

निवृत्तिवेतन आहे. ते लिहिले नाही कारण लिहिले असते तर प्रश्न अर्धा झाला असता. माझ्या वडिलांनी 1972 च्या दुष्काळात सावकाराकडे शेत गहाण टाकले आणि ते कधी सुटले नाही. बँकेत खरेदीखत देताना अधिकाऱ्याने ते पाकिटात घालून लाखेची मोहोर लावली, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ते शेत होते. मुलीच्या पगाराचा विचार करताना मी खरे तर त्या शेताचा हिशेब करत होतो.

'खटला चालू आहे' यांनी विचारल्याप्रमाणे प्रतिवादीला नोटीस बजावली. हा संपूर्ण धागा मुलीला पाठवला. तिने उत्तरादाखल एक तक्ता पाठवला, ज्यात तिने पंधरा वर्षांचा हप्ता, खोलीचे भाडे, डबा आणि बसभाडे मांडून महिन्याला 2,900 रुपये शिल्लक दाखवली होती. तिने आजारपणाचा रकाना धरलेला नव्हता, तो मी लाल पेनाने घातला. सवय जात नाही.

बँकेत जाऊन आलो. मुदत पंधरा वर्षांची मिळते, मुदतीआधी रक्कम भरण्यास दंड नाही, आणि आजपासून चालू व्याज भरल्यास एक टक्का सवलतही मिळते, जी गेली साडेचार वर्षे आम्हाला कोणी सांगितली नव्हती आणि आम्ही विचारलीही नव्हती. चालू व्याज या महिन्यापासून मी भरतो. शेवंतीताईंनी सांगितल्याप्रमाणे सहा हप्त्यांची रक्कम तिच्या नावे वेगळ्या खात्यात ठेवणार आहे. त्यापुढचे हप्ते तिचे. फर्मला नकार कळवण्याची मुदत पंधरा जानेवारी आहे आणि पत्र तिने लिहून ठेवले आहे. ते अजून पाठवलेले नाही, कारण मी तिला एवढीच विनंती केली की सुट्टीत आधी एखाद्या लोक अभिरक्षक कार्यालयात आठवडाभर बसून यावे. दीड महिन्याचा उन्हाळा आणि पंधरा वर्षांचा हप्ता यांत फरक आहे, हे तिलाही मान्य झाले.

पत्र पाठवले गेले तर मला वाईट वाटणार नाही, असे आज म्हणू शकतो. आईला अजून काही सांगितलेले नाही. पेढे तिनेच सगळ्यांत जास्त वाटले होते.

पाचवा मजला

नकाराचे पत्र दोन ओळींचे असू द्यावे आणि कारण लिहू नये. तीन वर्षांनी तेच दार वाजवावे लागले तर उपयोगी पडते.

गोदाकाठ

वेण्णाकाठकाका, डिसेंबरच्या सुट्टीत ती आमच्याकडे येणार असेल तर मला व्यक्तिगत निरोप पाठवा, मी सचिवांची परवानगी घेऊन ठेवते. तिला सांगा की साधे काट्यांचे घड्याळ हातात घालून यावे. मोबाइल फाटकावर राहतो, आत भिंतीवरचे घड्याळ बंद आहे, आणि एका माणसाला किती वेळ दिला हे कळले नाही तर रांगेतल्या शेवटच्या चौघांना भेटायचे राहून जाते.